दुसरं गेट, दुसरी लिंक

मे २०२० ची गोष्ट. पुण्याच्या मामेबहिणीनं मला न विचारताच व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात घातलं. सकाळी सहा वाजता झूमवर व्यायामाचा वर्ग, पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी यायची पाळी होती, म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, "आज जमत नाही, पाणी आलंय. उद्या येतो." पाच मिनिटांत शिकवणाऱ्या ताईंचं उत्तर आलं : "क्षमस्व, हा वर्ग फक्त महिलांसाठी आहे."

बेळगाव-कोल्हापूरकडच्या वाचकांना यातली गंमत सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. लिहिताना मी 'आले, गेले' लिहिते, ते शाळेनं लावलेलं वळण. पण एका हातात पाण्याची पाईप असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टाइप केलं की घरातलीच भाषा उतरते. त्यात माझ्या प्रोफाइलला फोटो गणपतीचा. शेवटी मामेबहिणीनं मध्ये पडून मी बाईच असल्याची ग्वाही दिली. तेव्हापासून त्या वर्गात माझं नाव 'गणपतीवाल्या ताई' पडलं ते पडलंच.

माझा वर्ग भरायचा देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या पट्टीत. मोबाईल तूरडाळीच्या डब्याला टेकवलेला. सतरंजी पूर्ण उलगडली की तिचं टोक उंबऱ्यावर चढायचं, म्हणून मी ती दुमडूनच घालायचे. आम्ही बेळगावातल्या वडगावात राहतो, शेजारी माग आहेत. टाळेबंदी सैल झाली तसे ते पुन्हा सुरू झाले. मी माईक उघडला की पुण्यातल्या पंचवीस जणींच्या घरात खटखट खटखट जायची. "तुमच्याकडून रेल्वे जाते का हो?" असं एकीनं विचारलं होतं. तेव्हापासून मी माईक बंदच ठेवायला लागले. पुढे कळलं की तिथं सगळ्याच जणी माईक बंद ठेवतात. कुणाकडे माग, कुणाकडे कुकर, कुणाकडे नवऱ्याचं खाकरणं.

तरी एक गोष्ट मोकळेपणानं मान्य केली पाहिजे. व्यायाम नीट कसा करायचा हे मला त्या मोबाईलनंच शिकवलं. ताई स्वतः करून दाखवायच्या आणि मग जागेवर बसून एकेक चौकोन न्याहाळायच्या. "गणपतीवाल्या ताई, खुर्चीवर बसल्यासारखं खाली जा. उजवा गुडघा आत पडतोय, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा." माझा गुडघा चार वर्षं दुखत होता. डॉक्टरांनी गोळी दिली होती, जाऊबाईंनी निर्गुडीचं तेल दिलं होतं. तो आत पडतो हे मात्र कुणाच्या डोळ्याला दिसलं नव्हतं. ते साडेतीनशे किलोमीटर लांबच्या बाईला तळहाताएवढ्या पडद्यात दिसलं. जड उचलायला काही हवं म्हणून त्या एकेक किलोचे मिठाचे दोन पुडे घ्यायला सांगायच्या. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर विरळ होतात, आणि आपल्या देशात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, हेही मी त्यांच्याकडूनच ऐकलं. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी, २०२० मध्ये, नवे नियम सांगितले : मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. 'शिवाय' या शब्दावर ताईंचा भर असायचा. आपण बायका चालतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा झूमची फुकटची मीटिंग चाळीस मिनिटांनी तुटायची. ताईंचा वर्ग तासाचा. म्हणजे ऐन रंगात पडदा काळा व्हायचा आणि मग ग्रुपवर दुसरी लिंक यायची. उड्या, जोर, मिठाचे पुडे हे सगळं पहिल्या लिंकवर. चाळीस मिनिटं व्हायच्या जरा आधी मूलबंध नावाचा योगातला एक प्रकार. दुसऱ्या लिंकवर ताण देणं, श्वास आणि शवासन. निम्म्या बायका दुसऱ्या लिंकवर यायच्याच नाहीत. मीही त्यातलीच. पडदा काळा झाला की माझे पाय आपोआप गॅसकडे वळायचे. शवासन म्हणजे नुसतं पडणं, आणि सकाळी पावणेसातला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात नुसती पडलेली बाई आमच्या घरात कुणी पाहिलेली नव्हती. एकदा सासूबाईंनी पाहिलं, तर त्या घाबरून हाका मारायला लागल्या.

आणखी एक. उड्यांचा दिवस असला की मी कॅमेरा बंद ठेवायचे. ते का, हे पुढे सांगते.

हॉलमध्ये जायला मी लागले ते २०२३ च्या पावसाळ्यात. त्याला कारण आरोग्यापेक्षा बस. ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून हातात देतो. त्यावरून जे विनोद झाले ते सगळ्यांनी ऐकलेत, मी पुन्हा सांगत नाही. माझ्यापुरतं एवढंच झालं की 'रोज जाण्या-येण्याचे पैसे व्यायामावर घालवतेस?' हा प्रश्न घरातून नाहीसा झाला. तो कुणी मोठ्यानं विचारला नव्हता, पण होता. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे एका सभागृहात दुपारी साडेतीनला बायकांचा वर्ग चालतो, असं भाजीवालीकडून कळलं होतं. बस सोडते तिथून चालत जायचं आणि गेट ओलांडायचं. मिरज-लोंढा मार्गावरची गाडी यायची असली की गेट पडलेलं. मग अलीकडे आम्ही आठ-दहा जणी छत्र्या धरून उभ्या. निम्मा व्यायाम गप्पांचा तिथंच होऊन जायचा. उशीर झाला की सबब एकच, गेट पडलं होतं. गेट उघडं असलं तरी हीच सबब चालायची.

हॉल म्हणजे काय, तर लग्ना-मुंजीच्या जेवणावळीचा हॉल. दारात तीस चपला, आत फिनेलचा वास, भिंतीला रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. काही जणी पंजाबी ड्रेसमध्ये, एक पोस्टातल्या वहिनी मुलाच्या टी-शर्टात, आणि येळ्ळूरच्या अक्का साडी खोचून. शिकवणाऱ्या मॅडम धारवाडकडच्या. त्यांची घरची भाषा कन्नड, वर्गातली भाषा त्या त्या क्षणी तोंडाला येईल ती. आकडे मोजताना "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, पाच, सहा, सेवन, एट!" असा हिशेब. पहिल्या आठवड्यात मी नाल्कुला खाली आणि पाचला वर असायचे. बाकी सगळ्या उलट. आमच्या भागात पाट्यांवरून आणि नावांवरून काय काय होत आलंय ते मी इथं उगाळत नाही. एवढंच सांगते की आठव्या आकड्याला तीस बायकांचे दम एकाच भाषेत लागलेले असतात.

आता हॉलचा व्यायाम चांगला होता का? खरं सांगायचं तर पुण्याच्या मानानं ढिला. मी मागच्या रांगेत. मॅडमना माझा गुडघा दिसणं शक्यच नव्हतं, मध्ये अठ्ठावीस जणी. कुणी मध्येच फोन घ्यायची, कुणी कुंकू पुसलं म्हणून आरशापाशी जायची, आणि श्रावणात तर अर्धा वेळ कुणाच्या घरी कोणतं व्रत यातच जायचा. पावसाचा जोर वाढला की पटावर तीस आणि समोर नऊ. पुण्याच्या वर्गात सव्वीस मिनिटांत जितकं अंग मोडायचं, तितकं इथं तासात मोडत नव्हतं. तरी मी तिथून घरी येताना वेगळीच असायचे. हे माझं मलाच कळत नव्हतं.

या कोड्याचं एक उत्तर मला एका लेखात सापडलं. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या नावाड्यांवर एक प्रयोग झाला होता, २००९ मध्ये तो छापून आला. तीच माणसं, तेच यंत्र, तितकीच मेहनत. एकदा एकट्यानं वल्ही मारायची आणि एकदा सगळ्यांनी मिळून एका तालात. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून बघायचं की किती दाबापर्यंत सोसतं. एका तालात वल्ही मारल्यावर जास्त सोसलं. मेंदूत दुखणं विसरायला लावणारी जी द्रव्यं स्रवतात, ती जोडीनं केल्यावर जास्त स्रवत असावीत असा अंदाज. छान आहे. पण प्रयोग मूठभर माणसांवरचा, तेही सगळे तरुण, तगडे पुरुष. त्यातल्या कुणाला मध्येच अंगातून वाफ उठत नव्हती, आणि घरी जाऊन कुणाला भाकऱ्या थापायच्या नव्हत्या. तेव्हा तो दाखला मी अर्धाच घेते. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर मला मिळालं ते हॉलच्या मागच्या बाजूला, संडासाच्या रांगेत.

त्याच वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, आज तुमचे खेळ दाखवा. आमच्याकडे पंचमी म्हणजे झोपाळे आणि माहेरवाशिणी. धारवाडकडेही तेच, मॅडमचा चेहराच फुलला होता. मग आमच्यातल्या चौघी-पाचजणींनी पदर खोचला. आधी झिम्मा, मग पिंगा, मग बसफुगडी, मग उभी फुगडी. मॅडमनी पोस्टातल्या वहिनींशी फुगडी धरली आणि पस्तीस-चाळीस गिरक्यांत "साकु री, साकु!" म्हणत खाली बसल्या. ज्या बाई आम्हाला दम टिकवायला शिकवत होत्या, त्यांचा दम अक्कांनी काढला. अक्का साठीच्या जवळ आहेत. "आम्ही हे लहानपणी रात्रभर करायचो," म्हणाल्या. मी तेव्हा सहज बघितलं, फुगडीत मांड्या, पोटऱ्या, मनगटं, पाठ सगळं लागतं. शिवाय पाय जोडलेले आणि अंग मागे झोकलेलं. समोरचीनं हात सोडला तर डोकं फुटायचं. हा प्रकार झूमवर कसा घ्यायचा हे कुणी मला सांगावं.

फुगडी थांबली आणि आम्ही सहा जणी एकदम मागच्या दाराकडे निघालो. हॉलला संडास एकच. आत एक गेली. बाहेर पाच जणी, कुणी कुणाकडे बघत नाही, प्रत्येकीचे पाय किंचित जुळलेले. कुणी म्हणालं, पाणी जास्त झालं आज. कुणी म्हणालं, गार हवा आहे. मग येळ्ळूरच्या अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुझं पण तसंच होतंय काय गे? उड्या मारल्या की?"

मी मान हलवली. दोन बाळंतपणं झाली, पाळी थांबली, तेव्हापासून खोकला आला, शिंक आली, उडी मारली की थेंब-दोन थेंब. कधी जास्तही. मी जाड कपडा घेऊन यायचे. उड्यांच्या दिवशी मी पुण्याच्या वर्गात कॅमेरा बंद ठेवायचे ते याच्यासाठी. पडद्यावर कुणाला काही दिसणार नव्हतं हे मला कळत होतं. तरीही उडी मारताना चेहऱ्यावर जे उमटतं ते दिसेल असं वाटायचं.

"मला वाटलेलं माझंच असं हाय म्हणून," अक्का म्हणाल्या. पोस्टातल्या वहिनी म्हणाल्या, त्या या कारणानं तीन वर्षं गाणगापूरला गेल्या नाहीत, बसमध्ये इतके तास काढायचे कसे. अबोलीचा गजरा माळलेली एक कन्नड बाई, जिच्याशी मी सहा आठवड्यांत हसण्यापलीकडे बोलले नव्हते, ती म्हणाली, "नंदू हंग ऐत्रि." माझंही असंच आहे. आतली बाहेर आली, तीही दारात थांबली. त्या रांगेत आम्ही वीस मिनिटं उभ्या होतो, आणि त्यातली पहिली पाच मिनिटंच रांगेची होती.

मॅडम शोधत आल्या. त्यांना सांगितलं. सांगितलं म्हणजे अक्कांनी सांगितलं, आम्ही बाकीच्या फरशीकडे बघत होतो. मॅडम म्हणाल्या, हे म्हातारपण नाही, हे स्नायू आहेत. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, बाळंतपणात ती ताणते, पाळी गेल्यावर आणखी सैल होते. उडी मारली की वरून दाब येतो आणि झोळी तो पेलत नाही. लघवी धरून ठेवताना जे आवळतो तेच आवळायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, दिवसातून तीनदा. तीन महिने नेटानं करा, तरी थांबलं नाही तर डॉक्टरकडे. शिकवताना त्यांनाही शब्द सापडत नव्हता. कन्नडमध्ये सुरुवात केली, मराठीवर आल्या, शेवटी मूठ मिटून दाखवली आणि वर ओढली.

ती मूठ बघितली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. मूलबंध! पुण्याच्या ताई तीन वर्षं रोज चाळीस मिनिटं व्हायच्या आधी हेच तर करून घेत होत्या. "आतून वर खेचा, धरा, सोडा." मी मनातल्या मनात भाजी काय करायची ते ठरवत ते अर्धवट करत होते. कशासाठी, हे त्या कधी म्हणाल्या नाहीत. कदाचित म्हणाल्या असतील, आडून. मी कधी विचारलं नाही. विचारायला माईक उघडावा लागला असता, मागाची खटखट सगळ्यांच्या घरात गेली असती, आणि मग त्या शांततेत मी काय म्हणणार होते?

जांबोटीच्या माझ्या मावसबहिणीला हे सगळं सांगितलं तर ती हसत सुटली. तिच्याकडे व्यायामाचा विषयच निघत नाही. "रोप लावून कंबर मोडलीय, त्यावर आणि तू मला काय करायला लावूलालीस गे?" खरं आहे तिचं. कंबर वाकवून राबणं म्हणजे कंबरेचा व्यायाम नव्हे, हे मात्र मी तिला पटवू शकले नाही. तिकडे जंगलाच्या कडेला पावसाळ्यात फोनची रेंज अंगणातल्या कट्ट्यावर मिळते, तीही कट्ट्यावर उभं राहिलं तर. त्यामुळे 'ऑनलाइन वर्ग कुणालाही, कुठूनही' हे मी जाहिरातीत वाचते तेव्हा मला तो कट्टा आठवतो. मूठ मिटून वर ओढायचं तेवढं मात्र तिनं शिकून घेतलं. त्याला रेंज लागत नाही.

आता माझं असं ठरलंय : सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी गेटापलीकडे, आणि मंगळवारी, गुरुवारी सकाळी डाळीचा डबा. गुडघा पुण्याला, बाकीची मी बेळगावात. अशी वाटणी केली की दोन्हीकडचं निभतं. उड्या मारताना आता पाय जुळत नाहीत. पूर्ण थांबलंय असं नाही, पण सर्दी झाली की धास्ती वाटत नाही. वहिनी मागच्या पौर्णिमेला गाणगापूरला जाऊन आल्या.

गेल्या जुलैतली गोष्ट. तीन दिवस पाऊस कोसळत होता, हॉल बंद. मी सकाळी पुण्याच्या वर्गाला बसले. उड्यांचा दिवस होता. मी कॅमेरा चालू ठेवला. ताईंनी उड्या सुरू केल्या आणि मी बघत होते की एकेक करून चार, पाच, सहा चौकोन काळे झाले. नावं उरली, माणसं गेली. हे आधीही होत असणार, पण तेव्हा मीच काळ्या चौकोनात असायचे, मला दिसणार कसं?

मूलबंधाची वेळ आली. "आतून वर खेचा," ताई म्हणाल्या. मी माईक उघडला. मागाची खटखट सुरू झाली. मी म्हटलं, "ताई, हा मूलबंध कशासाठी, ते एकदा स्पष्ट सांगा की. उड्या मारताना मला थेंब-थेंब लघवी व्हायची. मला वाटायचं माझ्या एकटीलाच होतंय. इथं हॉलमध्ये विचारलं तर सहातल्या सहा जणींना."

कुणी बोललं नाही. मागाचे साधारण वीस ठोके मी मोजले. कन्नडमध्ये मोजले, का कोण जाणे. मग एका काळ्या चौकोनातला माईक उघडला. कोथरूडच्या कुणीतरी होत्या, आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मलाही," त्या म्हणाल्या. मग आणखी एक. मग एकदम दोघी, त्यामुळे काहीच कळलं नाही. ताई चष्मा काढून पुसत होत्या. "अगं, मला वाटलं तुम्हाला माहीत—" त्या म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला. चाळीस मिनिटं.

मी उठले, सवयीनं गॅसपाशी गेले, गॅस लावला, आणि बंद केला. ग्रुपवर दुसरी लिंक आली होती. उघडली तर आत तेवीस जणी आधीच बसल्या होत्या. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी वाजत होती आणि कुणीही माईक बंद केलेला नव्हता.

"हं," ताई म्हणाल्या, "बोला, गणपतीवाल्या ताई."

"सांगतो," मी म्हटलं.